पानाचा ठसा

१

त्या दिवशी वारा म्हणून नव्हता. आभाळ भरलेलं नव्हतं आणि मोकळंही नव्हतं, धुऊन धुऊन रंग गेलेल्या चादरीसारखं फिकट होतं. समोरच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे खिळे ठोकल्यासारखे जागच्या जागी लटकत होते. उकडत नव्हतं. पण दार-खिडकी सताड उघडी ठेवूनही घरात हवा आली असं वाटत नव्हतं. असला दिवस आमच्या हिला फार जड जातो.

हिला श्वासाचा आजार. छातीत सारखी एक बारीक शिट्टी वाजते, आत ओढताना एक सूर, सोडताना दुसरा. मागे एकदा श्वास पुरता अडकला, तेव्हा इस्पितळात न्यावं लागलं. घरी पाठवताना डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "आजोबा, या वेळी निभावलं. पुन्हा असं झालं तर मी काही सांगू शकत नाही." तेव्हापासून माझं अर्धं लक्ष त्या शिट्टीकडे असतं. शिट्टी वाजतेय म्हणजे ही आहे.

आतल्या खोलीत खिडकीशी हिचा पलंग आहे. तिला व्यायामाला प्लास्टिकचं एक यंत्र दिलंय, त्यात तीन गोळ्या आहेत. नळी तोंडात धरून श्वास ओढला की गोळ्या वर चढतात. पहिली चढते. दुसरी चढली तर ही माझ्याकडे बघून भुवया उडवते. तिसरी काही हलत नाही.

"तिसरी तुमच्यावर गेलीय," ती म्हणते. "ढिम्म."

मी जन्मभर सुतारकाम केलं. आता हाताला कंप आहे, म्हणून लेकीने करवत-पटाशी बंद करायला लावली. लेक रक्त तपासण्याच्या दुकानात कामाला आहे. तिथे नवी यंत्रं आली, तेव्हा जुना सूक्ष्मदर्शक तिने मला आणून दिला. म्हणाली, "बाबा, तुमचे हात रिकामे बसत नाहीत ना? मग हे घ्या. यात कोणाचं बोट तुटत नाही."

मला वाटलं होतं, दोन दिवसांत कंटाळेन. पण लाकडाची आडवी कापलेली कड मी आयुष्यभर हातांनी चाचपली होती, ती आत अशी असते हे तेव्हा कुठे डोळ्यांना दिसलं. गाजराला खाच पाडायची, खाचेत देठ बसवायचा आणि नव्या ब्लेडने रंध्याच्या ढलपीहून पातळ काप काढायचे. बशीतल्या पाण्यात सोडायचे. जो काप दिसेनासा होतो तोच चांगला. तो कुंचल्याने उचलून काचपट्टीवर घ्यायचा, वरून झाकणकाच एका कडेने हळूच टेकवायची, नाहीतर बुडबुडे अडकतात. कंप असलेल्या हातालाही हे जमतं, कारण घाई नसते.

ही त्या यंत्राला सवत म्हणते. "जा, बसा तिच्याजवळ. माझ्याकडे एवढं डोळे लावून कधी पाहिलं होतं का?"

२

हिच्या उशाशी एक कुंडी आहे. पानं वरून हिरवी, खालून जांभळी. इस्पितळातून आली तेव्हा लेकीने आणून ठेवली. ही त्या झाडाशी बोलते. पाणी घालताना त्याला "पी बाई, पी" म्हणते, आणि माझा चहा मात्र मला स्वतः करून घ्यावा लागतो.

लेकीने मला सांगितलं होतं की पानाला खालच्या बाजूने बारीक तोंडं असतात, त्यांतून ते श्वास घेतं. तिने त्याचं नावही सांगितलं होतं, पण मी तोंडंच म्हणतो. ती बघायची सोपी रीत अशी. पानाच्या खालच्या अंगाला बिनरंगाचं नेलपॉलिश लावायचं. वाळलं की पापुद्रा सोलून काढायचा. पापुद्र्यावर पानाचा ठसा उमटलेला असतो. तो काचपट्टीवर ठेवायचा, वर झाकणकाच, झालं.

त्या बिनवाऱ्याच्या दिवशी सकाळी मी शेजारच्या शिवणताईंचं दार वाजवलं. आमची एक भिंत सामाईक आहे, त्यांचं मशीन चालू झालं की आमच्या कपाटातल्या वाट्या वाजतात.

"ताई, नेलपॉलिश आहे का? बिनरंगाचं."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काका, या वयात? बरं, काकूंना माहीत आहे का?"

"तिच्याच झाडाला लावायचंय."

"म्हणजे आता झाडाचेही लाड. आमच्या ह्यांना शिकवा काहीतरी." बाटली देताना म्हणाल्या, "परत नका आणू. ठेवा. अर्धी वाळूनच गेलीय."

हिने पान स्वतः निवडून दिलं. मी तोडायला गेलो तर म्हणाली, "तोडू नका, झाडावरच लावा." मग ती कुंडी मांडीवर घेऊन बसली आणि मी पान उलटं करून ब्रश फिरवला. वाळेपर्यंत पान तिच्याच हातात होतं. ओलं लवकर वाळावं म्हणून ती त्यावर फुंकर घालत राहिली. तिला फुंकर घालायलाही कष्ट पडत होते. मी म्हटलं, राहू दे. ती म्हणाली, "तेवढीच तुमच्या कामाला मदत."

पापुद्रा अखंड निघाला. माझा आजवरचा सगळ्यात चांगला.

३

फोटो काढायला मी लाकडाची एक घोडी केलीय. तिच्यात मोबाइल बसतो आणि त्याचा डोळा बरोबर भिंगावर येतो. हात लावायची गरज नाही, म्हणून फोटो हलत नाही.

ठशात तोंडं छान दिसली. दोन ओठ आणि मध्ये फट. शेजारी शेजारी, पण रांगेत नाहीत, बाजारात बसलेल्या बायकांसारखी जमेल तशी. मी एक फोटो काढला. हिला दाखवला, जेवलो, येऊन दुसरा काढला. काचपट्टी जागची हलवली नव्हती.

दुसऱ्या फोटोत फटी मिटलेल्या होत्या.

मी दोन्ही फोटो पुढे-मागे करून पाहिले. तीच जागा. कोपऱ्यात पापुद्र्याला एक चुणी पडली होती, ती दोन्हींत होती. पहिल्यात सगळी तोंडं उघडी, दुसऱ्यात बंद. लेकीला फोन केला.

"मिटतात बाबा ती. उजेड, पाणी, यावर असतं."

"अगं, पण हे पान नाही. नेलपॉलिश आहे."

"मग उजेडाची बाजू बदलली असेल. सावली पडली की खड्डा उंचवट्यासारखा दिसतो. तुमची भिंग वरखाली करायची फिरकी थोडी हलली असेल."

"असेल."

"आई कशी आहे?"

"दुसरी गोळी चढवली आज."

"मग तुम्ही तिच्याकडे बघा, सवतीकडे कमी." तीही तेच म्हणते आता.

लेकीचं म्हणणं मला पटलं. साच्यातून काढलेलं माप बदलत नाही. प्लास्टरच्या हाताने मूठ वळली असं कोणी म्हणालं तर मीही त्याला डोळे तपासून घे म्हटलं असतं.

४

फोटो नको, मी स्वतःच डोळा लावला. दुपार होती. शिवणताईंचं मशीन बंद होतं. आतल्या खोलीचं दार उघडं होतं आणि हिची शिट्टी नेहमीसारखी ऐकू येत होती.

तोंडं उघडत होती आणि मिटत होती.

सगळी एकदम. फार नाही, दाराची फट वाऱ्याने उघडते-मिटते तेवढीच. मी मान मागे घेतली, डोळे चोळले, पुन्हा पाहिलं. माझ्या डोळ्याची नस उडत असेल म्हणून डावा डोळा लावला. तेच. माझ्याच श्वासाने मान हलत असेल म्हणून मी श्वास रोखून धरला. तोंडं थांबली नाहीत.

मग मी ऐकलं. शिट्टी आत गेली की तोंडं उघडत. शिट्टी बाहेर आली की मिटत.

मी तसाच बसून राहिलो. माणूस म्हातारा झाला की दोन गोष्टी एकत्र चालताना दिसतात आणि तो त्यांची सोयरीक जुळवतो, हे मला कळतं. नळाचं थेंब थेंब गळणं आणि घड्याळाची टिकटिक थोडा वेळ जोडीने चालतात, मग फुटतात. हे फुटत नव्हतं.

मी तिथूनच हाक मारली. "अगं, जरा श्वास धर बघू."

"का हो? तेवढंच सोडायचं राहिलंय?"

"धर तर. गंमत आहे."

शिट्टी थांबली. काचेवरची तोंडं अर्धवट उघडी होती, तशीच थांबली. मग ती खोकली आणि फसकन श्वास ओढला. सगळी तोंडं एकदम वासली. मी खुर्ची मागे सरकवली, ती पडली.

"काय पाडलंत?" आतून आवाज आला.

"खुर्ची."

"सवतीने ढकललं वाटतं."

५

सुतार माणूस आधी हादरा शोधतो. कपाटाचं दार आपोआप उघडतं, तेव्हा भूत नसतं, एक पाय आखूड असतो. मी विचार केला. आमची जमीन फळ्यांची. पलंगाचे पाय त्याच फळ्यांवर आणि माझ्या टेबलाचेही. ही छाती भरून श्वास ओढते, पलंग हलतो, फळी हलते, टेबल हलतं. आपल्याला कळणार नाही इतकं. पण भिंगाखाली केसाचा दोरखंड होतो, मग हादऱ्याचं काय होत असेल? झाकणकाच नुसती ठेवलेली, मोकळी. ती वरखाली होते आणि पापुद्रा दाबला जातो, सुटतो. दाबला की फट मिटते. सुटला की उघडते.

एवढं सुचल्यावर मला हायसं वाटलं. स्वतःशीच हसलोसुद्धा.

यावर उपायही माहीत होता. नमुना टिकवायचा असला की झाकणकाचेच्या चारी कडांना नेलपॉलिश लावून ती चिकटवून टाकतात. आत हवा जात नाही, बाहेर येत नाही, काच हलत नाही. शिवणताईंची बाटली तिथेच होती. हा माझा आजवरचा सगळ्यात चांगला ठसा, तो पक्का करायचाच होता.

काचपट्टी यंत्रावरून न काढताच मी ब्रश फिरवला. एक कड लावली. दुसरी लावली. हात चांगला चालला होता. तिसरी. चौथ्या कडेला थोडं जास्त लागलं, ओघळ आला, तो काडीने पुसला. भिंगाला डोळा लावला.

तोंडं मिटलेली होती. हलत नव्हती.

बसलं, म्हटलं. हादराच होता.

घर किती शांत झालंय असं मला वाटलं. कितीतरी दिवसांनी कानांना बरं वाटलं. मी बाटलीचं झाकण लावलं, ब्रशचे केस पुसले. आणि मग कळलं की ते शांत का आहे.

आत गेलो तर ही पलंगावर ताठ बसली होती. तोंड उघडं. दोन्ही हात गादीवर दाबलेले. ओठांचा रंग पानाच्या खालच्या अंगासारखा झाला होता. छाती वर जायला बघत होती आणि जात नव्हती. मी पाठ चोळली, थोपटली, नाव घेऊन हाक मारली. चाळीस वर्षांत मी तिला कधी नावाने हाक मारली नव्हती. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. ती माझ्या खांद्यावरून बाहेरच्या खोलीकडे बघत होती, टेबलाकडे.

मी पळालो. का पळालो हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं. आजारी माणसाला सोडून कोणी टेबलाकडे पळत नाही. मी ब्लेड घेतलं आणि झाकणकाचेच्या कडेखाली घातलं. काच तडकली, कोपऱ्याचा तुकडा उडाला.

श्वास ओढल्याचा आवाज आला. लांब, खोल, विहिरीत पोहरा सोडल्यासारखा.

तो आधी टेबलावरून आला. मग आतून.

६

शिवणताई बोटातलं शिवणाचं टोपण तसंच ठेवून धावत आल्या, त्यांनीच फोन केला. डॉक्टर आले तोवर ही उशीला टेकून पाणी पीत होती. ते म्हणाले, कफाचा गोळा अडकला असेल, सुटला. त्यांनी छाती ऐकायची नळी काढली, तर ही म्हणाली, "मुलांना लावा ती, मला काय झालंय?" डॉक्टर हसले आणि थोड्या वेळाने निघून गेले.

त्या दिवसापासून शिट्टी गेली.

पहिले काही दिवस मी मध्येच उठून तिच्या खोलीत डोकावायचो, इतकी सवय त्या आवाजाची. ती जागी असायची, नाहीतर शांत पडलेली. मग ती उठून फिरू लागली. भांडी घासली. जिना न थांबता चढून आली आणि वरच्या पायरीवर उभी राहून मला म्हणाली, "या या, हळू या, म्हातारबुवा." मी धापा टाकत होतो. ती टाकत नव्हती. लेक आली तेव्हा आईच्या गळ्यात पडून रडली. "बाबा, तुम्ही नक्की काय केलंत?" तिने थट्टेत विचारलं. मी म्हटलं, काही नाही.

ते तीन गोळ्यांचं यंत्र हिने कपाटात वर टाकून दिलं.

"एकदा ओढून तर दाखव," मी म्हटलं. "तिसरी चढेल आता."

"राहू द्या हो. झालं ते काम."

मी पुन्हा म्हटलं नाही.

काचपट्टी टाकायला माझा हात धजला नाही. तडकलेली काच तशीच वर होती. बरेच दिवस मी तिकडे गेलोच नाही. मग एका सकाळी, ही आंघोळीला गेलीय असं समजून, मी ती यंत्रावर ठेवली आणि उजेड पाडला.

तोंडं उघडत होती आणि मिटत होती. झोपलेल्या माणसासारखी, सावकाश. मी कान दिले. घरात काही आवाज नव्हता. नळही नव्हता.

"काय दिसतंय?"

ती मागेच उभी होती. माझ्या खांद्यावरून वाकली. तिच्या ओल्या केसांचं पाणी माझ्या मानेवर पडलं. तिचा गाल माझ्या कानाजवळ होता, मला तो लागत होता. माणूस इतकं जवळ येऊन बोललं की मानेला उबारा लागतो. तो मी शोधत राहिलो.

"पान," मी म्हटलं.

"बघू."

मी उठलो. ती बसली आणि तिने डोळा लावला. यापूर्वी तिने एकदाही त्यात पाहिलं नव्हतं. फार वेळ पाहत राहिली. मी तिच्या पाठीकडे पाहत होतो. पदराची घडी, तिच्यावरचा एक पाण्याचा थेंब. थेंब तिथेच होता.

"हे टाकू नका हं," ती शेवटी म्हणाली, डोळा न काढता. "आणि झाकूही नका."

७

मी त्या काचपट्टीसाठी एक डबी केली. लेकीला न सांगता पटाशी काढली. सागाचा तुकडा होता, त्यात खोबण पाडली, आतून मऊ कापड लावलं, काच बसेल पण दाबली जाणार नाही अशी. वर झाकण केलं नाही. ती मी कपाटावर ठेवलीय, जिथे कोणाचा हात जात नाही. शेजारचं मशीन चालू झालं की मी उठून तिच्यावर हात धरतो. हादऱ्याने सरकायला नको.

बाकी सगळं चांगलं चाललंय. ही स्वयंपाक करते, मला टोमणे मारते, झाडाशी बोलते. रात्री तिच्या खोलीत मी डोकावत नाही आता. दार लोटून घेतो आणि झोपतो. ती आहे, एवढं मला पुरतं. तिच्याकडे फार वेळ बघायचं मी टाळतो, ती शांत बसलेली असते तेव्हा तर नाहीच.

लेकीने आईसाठी नव्या कापडाचा ब्लाउज शिवायला सांगितला. आज दुपारी शिवणताई माप घ्यायला आल्या. दोघींचं हसणं मला बाहेर ऐकू येत होतं. ही काहीतरी माझ्यावरच सांगत होती, एका दमात, न थांबता. मग हसणं एकीचंच उरलं.

ताई बाहेर आल्या. टेप गळ्यात नव्हती, मुठीत गोळा केलेली होती. मला वाटलं, तशाच जातील. पण त्या दारात थांबल्या, मागे वळून आतल्या खोलीकडे पाहिलं आणि अगदी हळू म्हणाल्या, "काका, छातीचं माप घेताना मी टेप जराशी सैल धरते. माणूस श्वास घेतं, टेप सरकते, तेव्हाचा आकडा घ्यायचा. आज काकू बोलत होत्या, हसत होत्या, आणि मी वाट बघत टेप धरून उभी होते. काका, ती सरकलीच नाही."